कुजक्या फांदीवरील पेले

पावसाळ्यांत सह्याद्रीच्या रानांतून जातांना कुजून पडलेली एखादी फांदी उचलून पाहिली, तर तिच्यावर कधीं कधीं इवल्याशा पणत्या मांडल्यासारख्या दिसतात. कांहीं मोहरीएवढ्या, कांहीं त्याहूनहि लहान. कोणी पांढऱ्या, कोणी शेंदरी. ही अळंब्यांचीच बिरादरी. परंतु छत्री उभारण्याऐवजीं हिनें पेला पुढें केला आहे. या पेल्यांचीं कुळें लावतांना थोरथोर पंडितांची सव्वाशें वर्षें कशी फसगत झाली, आणि औषधें विकणाऱ्या एका गृहस्थानें ती कशी उघडकीस आणली, ती हकीकत आज सांगावयाची आहे.

स्वीडनच्या लिनीयसनें १७५३ सालीं वनस्पतींची मोठी वही मांडली, तींत पेल्याच्या आकाराच्या अळंब्यांस ‘पेझिझा’ हें नांव दिलें. आकार हीच कसोटी! परिणाम असा झाला कीं, ज्या कवकाच्या वाटींत मसुरीच्या डाळीसारखे दाणे पडलेले असतात व ज्यास पुढें पक्ष्याच्या घरट्याची उपमा मिळाली, तेंहि याच खान्यांत जाऊन बसलें. वस्तुतः त्याची सोयरीक छत्रीवाल्या अळंब्यांशीं आहे. लिनीयसनंतर पर्सून आला. केपच्या वसाहतींत १७६१ सालीं जन्मलेला हा मनुष्य पॅरिसमध्यें दारिद्र्यांत दिवस कंठून १८३६ सालीं वारला. पण त्याच्या १८०१ च्या ग्रंथानें या शास्त्राचा पाया घातला. त्यामागून फ्रीसनें पेल्यांची बारकाईनें वर्गवारी केली: देठ आहे कीं नाहीं, कांठावर केस आहेत काय, रंग कोणता, लांकडावर उगवतें कीं मातींत. दृष्टि अत्यंत तीक्ष्ण, परंतु ती बहुतेक पेल्याच्या बाहेरूनच फिरत होती.

खरा पुरावा पेल्याच्या आंत होता. पेल्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवला, तर आंतल्या बाजूस भात्यांतील बाणांप्रमाणें उभ्या थैल्या दिसतात. प्रत्येक थैलींत बहुधा आठ बीजकण. थैली पाण्यानें फुगते, दाब असह्य झाला कीं टोंक उघडतें आणि बीजकण पिचकारीसारखे उडतात. तें टोंक उघडतें कसें, हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण सारें त्यावरच अडलें होतें. ब्रेस्ट बंदरांत औषधाचा धंदा करणाऱ्या क्रूआँ बंधूंनीं १८५७ सालीं शेणावर उगवणाऱ्या एका जातींत थैलीच्या तोंडाशीं झांकण पाहिलें. पॅरिसजवळील माँमोरान्सीचा औषधविक्या एमील बूदिए यानें तोच धागा धरला. पेल्यामागून पेला तपासल्यावर त्यास आढळलें कीं, कांहींच्या थैलीस डबीसारखें झांकण असतें व तें ताडकन् उघडतें. इतरांच्या टोंकाशीं केवळ छिद्र वा चीर पडते. १८८५ सालीं त्यानें सर्व मांसल पेल्यांचे हे दोन तट पाडले. बाहेरून जुळ्यासारखे दिसणारे पेले या कसोटीनें परके ठरले.

जुन्या व्यवस्थेचे अभिमानी लागलीच वळले नाहींत. साकार्दोच्या १८८९ सालच्या प्रचंड सूचींत बीजकणांच्या रूपावरच भर राहिला. अमेरिकेंत सीव्हरनें झांकणवाल्यांचा स्वतंत्र ग्रंथ काढला तो १९२८ सालीं, आणि बिनझांकणवाल्यांचा १९५१ सालीं. तोंवर बूदिए जाऊन तीस वर्षें लोटलीं होतीं.

येथें एका मास्तराची आठवण केल्यावांचून मला राहवत नाहीं, कारण मी स्वतः त्याच पेशांतला. लंडनच्या लँबेथ भागांत शाळा चालविणारा कूक पुढें तेथील इंडिया म्यूझियममध्यें नोकरीस लागला आणि १८७५ ते १८७९ या काळांत त्यानें पेलेवजा कवकांचा रंगीत चित्रग्रंथ काढला. आपल्या पश्चिम घाटांत पावसाळ्यांत मेलेल्या फांदीवर गुलाबी, उंच देठाचे सुंदर पेले येतात. त्यांच्या प्रजातीस ‘कुकीना’ म्हणतात, तें त्याच्याच नांवावरून.

माझी स्वतःची फजिती सांगतों. एका श्रावणांत अशी फांदी मीं घरीं आणली, सौभाग्यवतींचा रोष पत्करून कागदांत गुंडाळून टेबलाच्या खणांत ठेविली, आणि आठ दिवसांनीं उसनें सूक्ष्मदर्शक मिळाल्यावर पाहतों तों सर्व सुकून काळें ठिक्कर! भिजवून पाहिलें, थैल्या दिसल्या, पण कोमेजलेल्या. बूदिएची सहाशें चित्रें, जीं १९०४ ते १९११ या वर्षांत प्रसिद्ध झालीं, तीं ताज्या नमुन्यांवरून काढलेलीं आहेत. जर्मनीच्या बाराल यानें १९९२ सालीं आग्रहानें मांडलें कीं, जिवंत पेशींतील तेलाचे थेंब व रसाचे रंग वाळलेल्या संग्रहांत नष्ट होतात, म्हणून तपासणी जिवंतपणींच व्हावी. माझ्या खणास हें आधीं ठाऊक असतें तर बरें होतें.

बारीक भेद किती बारीक, याचें उदाहरण हिरव्यानिळ्या पेल्यांचें. युरोपांत यांच्यामुळें ओकचें मेलेलें लांकूड आंतून हिरवें होतें. इटलींतील गुब्बिओच्या राजवाड्याची पंधराव्या शतकांतील जडावकामाची खोली आतां न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयांत आहे. तींतील हिरवें लांकूड याच कवकानें रंगविलेलें आहे. यांच्या दोन जाती डोळ्यांस जवळजवळ एकच. बीजकण मोजावे, तेव्हां एकीचे मिलिमीटरच्या सहस्रांश भागानें सहा ते दहा लांब, दुसरीचे त्याहून मोठे.

अलीकडे डी. एन. ए. च्या परीक्षेंत बूदिएचे झांकणवाले एकाच कुळाचे ठरले. बिनझांकणवाल्यांची मात्र फाळणी झाली. त्यांतील ऑर्बिलिया नांवाच्या मेणचट, पारदर्शक, मिलिमीटरभर पेल्यांस २००३ सालीं स्वतंत्र वर्ग मिळाला. कुजक्या फांदीवर निमूट बसलेल्या या पेल्यांपैकीं कित्येकांचें दुसरें रूप लांकडांत व मातींत तंतूंचे फांस व चिकट जाळीं पसरतें आणि सूक्ष्म कृमि धरून खातें.