शिरोघातजन्य चिरकारी मेंदूविकार

मुष्टियुद्ध, अमेरिकन फुटबॉल, रग्बी अशा खेळांत वर्षानुवर्षे डोक्याला मार बसलेल्यांमध्ये आढळणारा, मेंदूचा ऱ्हास करणारा विकार. मुष्टियोद्ध्यांमधील लक्षणांचे वर्णन हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्ये केले. अमेरिकन फुटबॉलपटू माइक वेब्स्टर २००२ मध्ये वारले. त्यांचा मेंदू वरकरणी धडधाकट दिसत होता. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र विकृतिशास्त्रज्ञ बेनेट ओमालू यांना टाऊ प्रथिनाचे विकृत साठे आढळले. शुद्ध न हरपणारे लहान धक्केही साचत जातात. खेळाचे नियम ठरवताना नेमके तेच दुर्लक्षिले गेले.

विस्मरण, चिडचिड, नैराश्य ही लक्षणे अनेकदा निवृत्तीनंतर काही वर्षांनी उमटतात. घरच्यांना माणसाचा स्वभावच पालटल्यासारखा वाटतो. २००३ चा रग्बी विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंड संघातील स्टीव्ह थॉम्पसन यांनी २०२० मध्ये आपल्याला स्मृतिभ्रंश झाल्याचे जाहीर केले. तो विजय त्यांना आठवत नाही.

खात्रीचे निदान मृत्यूनंतरच होते आणि विकार बरा करणारे औषध नाही. त्यामुळे भर लक्षणे आटोक्यात ठेवण्यावर असतो : डोकेदुखी व नैराश्यावर उपचार, पुरेशी झोप, मद्यवर्जन. गॅस बंद करण्यासारख्या कामांसाठी मोबाइलचा गजर, ओट्याशेजारी चिठ्ठी अशा साध्या सोयीही उपयोगी पडतात.