‘कंडरा’, ‘स्नायू’ आणि ‘शीर’ : एका दुखण्याच्या नावांचा इतिहास

अहिल्यानगरजवळील (पूर्वीचे अहमदनगर) नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाना व हातोडा चालविणाऱ्या कामगाराचे कोपर दुखू लागले की तो ‘शीर धरली’ असे सांगतो. वस्तुतः तेथे शीर दुखत नसते. स्नायूला हाडाशी जोडणारा तंतुमय बंध दुखत असतो. या बंधाला आपल्याकडे नाव नव्हते असे नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सोळा ‘कंडरा’ सांगितल्या असून हात, पाय, मान व पाठ यांत त्या प्रत्येकी चार आहेत. वाटोळ्या ‘स्नायूं’नाच तेथे कंडरा म्हटले आहे. पुढे मराठीत ‘स्नायू’ हा शब्द मांसपेशीकडे सरकला, ‘कंडरा’ ग्रंथातच राहिली, आणि रक्तवाहिनी, मज्जातंतू व कंडरा या तिन्ही अर्थांचा भार बोलीतील एकट्या ‘शीर’ या शब्दावर पडला. २००५ साली सचिन तेंडुलकर यांच्या कोपरावर लंडनला शस्त्रक्रिया झाली, तेव्हा ‘टेनिस एल्बो’ ही संज्ञा घरोघर पोचली. ‘कंडरा’ मात्र पोचली नाही.

नावाचा असा घोटाळा मराठीतच झाला असे समजण्याचे कारण नाही. पाश्चात्त्य वैद्यकाने या विकारास ‘टेंडिनायटिस’, म्हणजे कंडरादाह, म्हटले. दाह म्हटला की दाहशामक औषध ओघानेच आले. १९४८ साली हेंच यांनी अमेरिकेत संधिवाताच्या रुग्णास कॉर्टिसोन दिले. १९५० साली त्यांस केंडाल व राइखस्टाइन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. आणि पुढे दुखऱ्या कंडरेपाशी स्टिरॉइडची सुई टोचण्याचा प्रघात पडला. वेदना लवकर शमे, म्हणून नावही खरे वाटे.

शंका उत्पन्न झाली ती सूक्ष्मदर्शकाखाली. १९७६ साली पुद्दू व त्यांच्या सहकाऱ्यांनी टाचेवरील कंडरेच्या विकारास ‘टेंडिनोसिस’ हे नाव सुचविले. १९७९ साली निर्शल व पेट्रोन यांनी कोपराच्या कंडरेतील विस्कळीत तंतूंचे वर्णन केले. दाहाच्या पेशी तेथे फारशा नव्हत्या. विकार जळण्याचा नसून झिजण्याचा असेल, तर विझविण्यापेक्षा बांधणी करणे अगत्याचे ठरते. आणि कंडरेतील पेशी ताण जाणवल्यावरच नवे तंतू घडवितात. १९९८ साली स्वीडनमध्ये अल्फ्रेडसन यांनी पंधरा धावपटूंकडून बारा आठवडे वाढत्या वजनासह टाच सावकाश खाली नेण्याचा व्यायाम करविला. ते सर्व पुन्हा धावू लागले.

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका पाहणीत टेनिस एल्बोचे १६५ रुग्ण होते. वर्षाअखेर स्टिरॉइड घेतलेल्यांपैकी ८३ टक्के, तर निष्क्रिय द्रवाची सुई घेतलेल्यांपैकी ९६ टक्के बरे झाले. दुखणे उलटण्याचे प्रमाण अनुक्रमे ५४ व १२ टक्के होते. व्यायामोपचारानेही वर्षाअखेर विशेष फरक पडला नाही, हेही नमूद केले पाहिजे. कोपराच्या बाबतीत भाराचे यश टाचेइतके निर्विवाद नाही.

तथापि हातावर पोट असलेल्या कामगारास हा शब्दभेद क्षुल्लक नव्हे. सुईने वेदना थांबली की तो विकार गेला असे मानून दुसऱ्याच दिवशी पाना उचलतो. ‘शीर’ चोळून मोकळी करावयाची असते, ‘दाह’ शमवावयाचा असतो. ‘कंडरा’ मात्र मोजक्या भाराने, काही महिने घेऊन, बळकट करावयाची असते. हा जुना शब्द पुन्हा बोलीत आला, तर उपचारास लागणारा धीरही कदाचित त्याबरोबर येईल.