डबीतला रंग आणि आकाशातलं विमान

इंग्लंडमधल्या वूलवर्थ दुकानांत १९५३ साली प्लॅस्टिकच्या पिशवीत भरलेलं एक विमान दोन शिलिंगांना मिळू लागलं. विमान म्हणजे त्याचे सुटे भाग. एअरफिक्स कंपनीनं काढलेली ती स्पिटफायरची प्रतिकृती होती, खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढी. भाग चिकटवले की तळहातावर मावणारं विमान तयार! पण ते सगळं एकाच रंगाच्या प्लॅस्टिकचं. महायुद्ध संपून तेव्हा आठच वर्षं झाली होती. खरी स्पिटफायर डोळ्यांनी पाहिलेली माणसं घरोघरी होती. पोरानं कौतुकानं आणून दाखवलेलं विमान पाहून घरातलं कुणीतरी म्हणणारच, 'अरे, पण हे असं दिसत नव्हतं.' तसं दिसायला हवं, तर रंग हवा.

तो रंग हल नावाच्या बंदरातून आला. तिथे १९१९ साली हंबर ऑइल कंपनी निघाली होती. तिचा मूळ धंदा सायकलच्या दिव्याला आणि सांध्यांना लागणाऱ्या तेलाचा. हंबर हे तिथल्या नदीमुखाचं नाव. 'हंबर' आणि 'ऑइल' मिळून 'हंब्रॉल' झालं. तेलावरून कंपनी रंगाकडे वळली आणि पन्नाशीच्या दशकात तिच्या चिमुकल्या पत्र्याच्या डब्या दुकानांत दिसू लागल्या. डबीत रंग किती, तर चौदा मिलिलिटर. म्हणजे तीन चमचेही नाहीत. पण एका विमानाला तो पुरून उरे.

या डब्यांवर नावाबरोबर एक क्रमांक असे. काळा तेहतीस, पांढरा चौतीस. स्पिटफायरच्या पाठीवरचा मातकट तपकिरी एकोणतीस, हिरवा तीस. पुढे एअरफिक्सच्या खोक्यातल्या माहितीपत्रकावर रंगाचं नाव छापायचीही गरज उरली नाही, नुसता आकडा पुरू लागला. आपल्याकडे पाढे पाठ असावेत तसे हे आकडे इंग्लंडमधल्या मुलांच्या दोन पिढ्यांना पाठ होते.

छोट्या प्रतिकृती रंगवणारी मंडळी आजही एकत्र जमली, की वाद सुरू होतो तो कोणत्या कंपनीचा रंग चांगला यावर. हा वाद मिटणारा नाही. पण कंपन्यांच्या जन्मकथा पाहिल्या, तर तो का होतो ते कळतं.

हंब्रॉलचा तो जुना रंग एनॅमल जातीचा, आपण लोखंडी खिडक्यांना लावतो त्याच कुळातला. पातळ करायला आणि कुंचला धुवायला टर्पेंटाइनसारखा द्राव लागतो. तो सावकाश वाळतो, आणि हाच त्याचा गुण. वाळता वाळता तो पसरून समतल होतो, कुंचल्याच्या रेघा मिटतात. हात न बसलेल्या मुलालाही विमान गुळगुळीत रंगवता येतं. मात्र खोलीभर वास दरवळतो, आणि दुसरा हात द्यायला उद्याची वाट पाहावी लागते.

हा वास नुसता त्रासाचा नव्हता. अमेरिकेत इलिनॉयमधल्या रॉकफर्ड गावी १९२९ साली सुरू झालेली टेस्टर्स ही कंपनी मॉडेलचा रंगही विकी आणि ते चिकटवायचा गोंदही. साठच्या दशकात तिकडची मुलं नशेसाठी असा गोंद हुंगू लागली. अखेर १९६९ मध्ये टेस्टर्सनं आपल्या गोंदात मोहरीचं झणझणीत अर्कतेल मिसळलं. हुंगणाऱ्याच्या नाकातोंडात असा झटका बसावा, की पुन्हा हुंगायची इच्छाच होऊ नये. छंदाच्या टेबलावर काय ठेवावं आणि काय नाही, याचा विचार पालक त्यानंतर अधिक करू लागले असतील, तर नवल नाही. पाण्यात कालवायच्या ॲक्रिलिक रंगांना पुढे घरात जागा मिळाली, ती अशा घरांतच.

त्यांतला आज सर्वांत मानला जाणारा रंग वालेहो या स्पॅनिश कंपनीचा. पण तिचा जन्म १९६५ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सीत झाला, आणि तोही कार्टून चित्रपटांसाठी. त्या काळी कार्टूनची चित्रं पारदर्शक सेल्युलॉइडवर काढत. मागून प्रकाश आला तरी आरपार दिसू नये, डाग पडू नयेत, असा दाट आणि सपाट रंग तिथे लागे. १९६९ मध्ये कंपनी स्पेनला, बार्सिलोनाजवळ गेली. पुढे तिनं मॉडेलसाठी रंग काढले. त्यांतही तोच दाटपणा आणि तीच चमक नसलेली सपाटी आहे. डोळ्यांत औषध घालायच्या बाटलीसारखी तिची बाटली असते. थेंब मोजून रंग मिसळता येतो, हा मोठाच फायदा.

जपानच्या शिझुओका शहरातली तामिया ही कंपनी मुळात लाकडाची वखार. आधी लाकडी मॉडेल, मग १९६० पासून प्लॅस्टिकची. तिचा ॲक्रिलिक रंग अल्कोहोलच्या द्रावातला आहे. हवेच्या फवाऱ्यानं तो सुरेख बसतो. कुंचल्यानं दुसरा हात दिला, की मात्र पहिला हात उखडून वर येतो. नवशिक्यांनी या रंगाला दिलेल्या शिव्या बहुधा याच कारणानं असतात. चूक रंगाची नाही, हत्याराची आहे.

इंग्लंडच्या नॉटिंगहॅममधल्या गेम्स वर्कशॉपचे सिटाडेल रंग अगदीच वेगळ्या कामाचे. ते काल्पनिक युद्धखेळातल्या राक्षसांसाठी आणि शिपायांसाठी. तिथे खऱ्याशी ताडून पाहायचा प्रश्नच नाही. म्हणूनच २०१२ मध्ये कंपनीला आपल्या रंगमालेची नावं सरसकट बदलता आली. ग्राहक कुरकुरले, पण बिघडलं काहीच नाही. हंब्रॉलनं एकोणतीसचा उद्या चाळीस केला असता, तर घराघरांतली जुनी माहितीपत्रकं मुकी झाली असती.

हे मुकेपण एकदा जवळ आलंही होतं. ऑगस्ट २००६ मध्ये हंब्रॉलचं दिवाळं वाजलं आणि हलच्या कारखान्यातल्या बहुतेक कामगारांना घरी जावं लागलं. १९८६ पासून एअरफिक्सही हंब्रॉलच्याच मालकीची होती, त्यामुळे दोन्ही एकदम बुडायला निघाल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात खेळण्यातल्या आगगाड्या करणाऱ्या हॉर्नबी कंपनीनं दोन्ही विकत घेतल्या, आणि आकडे वाचले.

पण आकडा वाचला म्हणजे रंग खरा ठरला, असं मात्र नाही. स्पिटफायरच्या पोटाचंच पाहा. युद्धाच्या सुरुवातीला जमिनीवरच्या लोकांना आपलं विमान ओळखता यावं म्हणून एक पंख खालून काळा आणि दुसरा पांढरा असे. जून १९४० मध्ये हुकूम निघाला, की सगळं पोट 'स्काय' रंगाचं करा. नाव आकाशाचं असलं, तरी हा रंग निळा नव्हे. फिकट, किंचित पिवळसर झाक असलेला हिरवा. हुकूम आला, पण विमानतळांवर तो रंग पुरेसा पोचलाच नव्हता. ब्रिटनच्या आकाशातली लढाई तर तोंडावर आलेली. तेव्हा तळावरच्या माणसांनी हाताशी होते ते रंग कालवून जमेल तसा 'स्काय' केला. कुठे तो निळसर झाला, कुठे हिरवट. मग आज एका कंपनीचा 'स्काय' दुसऱ्या कंपनीच्या 'स्काय'शी जुळत नाही, यात कुणाला खोटं ठरवायचं?

त्यात लहान आकाराची भानगड आहेच. बहात्तराव्या हिश्श्याचं मॉडेल एक फुटावरून पाहणं म्हणजे खरं विमान बहात्तर फुटांवरून पाहणं. लांबची वस्तू फिकी दिसते. म्हणून अनुभवी रंगारी अस्सल रंगातही थेंबभर पांढरा मिसळतात. अस्सल दिसावं म्हणून अस्सल रंग मोडायचा!

ज्यांना पुरावाच हवा, त्यांच्यासाठी ब्रिटिश हवाई दलाच्या संग्रहालयाच्या ग्रंथमालेत १९७६ साली एक पुस्तक निघालं. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश विमानांच्या रंगांचे, प्रत्यक्ष रंग लावलेले तुकडे त्यात आहेत. काही जण दिवसाच्या उजेडात आपली डबी त्या तुकड्याशेजारी धरून पाहतात. सरकारनं कोणता रंग मागवला होता, ते त्यातून कळतं. १९४० च्या उन्हाळ्यात एखाद्या तळावर पहाटेच्या उड्डाणाआधी कुणी कोणत्या बादलीत काय कालवलं, ते त्या पुस्तकात नाही, आणि कोणत्याही कंपनीच्या डबीत तर नाहीच नाही.