पहिली धार कुणाची

वासरू खोकायला लागलं की आबांच्या पिढीकडे कारणं तयार असायची. झडीत भिजलं असेल, उघड्यावर बांधलं असेल, दिवेलागणीला कुणाची तरी नजर लागली असेल. नाकाला शेंबूड, कान पडलेले, बरगड्यांमागे पोट भात्यासारखं उडतंय, अशा वासराच्या बरगडीवर तापलेल्या विळ्याने डाग द्यायचे. आबा म्हणजे आमचे थोरले चुलत आजोबा. माणदेशातला माणूस, खिलार जनावरांचा नाद. अंगावर डागणीचे वण असलेला एखादा बैल दाखवून ते ठासून सांगत, "ह्यो डागला म्हणून वाचला." जी वाचली नाहीत ती दाखवायला गोठ्यात उरलेली नसत, त्यामुळे डागणीचा लौकिक कायम राहिला.

पण बाहत्तरच्या दुष्काळाची गोष्ट निघाली की आबा नजरबिजर विसरत. १९७२च्या पावसाळ्यात पाऊस आला नाही, चारा नाही. गावातल्या काहींनी गुरं कृष्णाकाठी उसाच्या वाढ्यावर नेऊन ठेवली. काहींची घरीच राहिली, जुन्या कडब्याची काळी पडलेली ताटं चघळत. पुढच्या वर्षी गाई व्याल्या तेव्हा फरक दिसला. घरी राहिलेल्या गाईंची वासरं अशक्त निघाली, एक-दोन तर आंधळीच जन्मली, आणि थंडी सुरू होताच खोकत खोकत गेली. कृष्णाकाठी गेलेल्यांची बरीचशी तगली. आबा आणखी एक गोष्ट सांगायचे, जी मला फार पुढे कळली: "त्या साली गाईचा चीक पिवळा न्हवताच. म्हशीवानी पांढरा."

गाईच्या चिकाचा पिवळेपणा येतो कॅरोटिनमधून, आणि कॅरोटिन येतं हिरव्या चाऱ्यातून. गाय त्यातल्या काहीचं 'अ' जीवनसत्त्व करते आणि काही तसंच दुधात उतरवते. म्हैस जवळपास सगळ्याचंच 'अ' जीवनसत्त्व करते, म्हणून तिचा चीक पांढरा असून कसदार. गाईचा चीक पांढरा पडला तर मात्र तिच्याकडे द्यायला काही उरलं नाही असं समजावं. उन्हात वाळलेल्या, वर्ष-दोन वर्षं पडून राहिलेल्या कडब्यात कॅरोटिन नावालाच असतं. गाय आपल्या काळजातल्या, म्हणजे यकृतातल्या, साठ्यावर काही महिने रेटते. दुष्काळ त्याहून लांबला की पोटातल्या वासराचे डोळे जातात आणि श्वासनलिकेचं आतलं अस्तरही बिघडतं. त्या अस्तरावर बारीक केस असतात, ते सतत हलून धूळ आणि जंतू वर ढकलत राहतात. 'अ' जीवनसत्त्व नसेल तर ते ओलं, केसाळ अस्तर कोरडं, राठ होतं. एरवी नाकात पडून असलेले जंतू मग खाली फुफ्फुसात उतरायला मोकळे. १९२८ साली इंग्लंडात ग्रीन आणि मेलनबी यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून 'अ' जीवनसत्त्वाला जंतुसंसर्गाविरुद्धचं जीवनसत्त्व म्हटलं, ते अशाच निरीक्षणांवरून.

आमच्या आजीला यातलं काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. तिने विहिरीच्या थारोळ्याला शेवरी आणि हादगा लावलेला होता आणि त्याचा पाला फक्त गाभण जनावराला मिळायचा. बैल उपाशी असला तरी नाही. घरातली पुरुष माणसं चिडायची, कारण कामाचं जनावर बैल. आजीचं उत्तर ठरलेलं, "बैल आजचा हाय, त्ये उद्याचं." चैत्र-वैशाखात सगळं रान करपलेलं असताना शेवरी-हादग्याचा तो हिरवा पाला म्हणजे कॅरोटिनचा खजिना. या एका बाबतीत आमच्या गावातल्या बायका गावातल्या सगळ्या डागणीवाल्यांपेक्षा शहाण्या होत्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

मात्र त्याच बायका, त्यात आजीही आली, एक गोष्ट हट्टाने चुकीची करायच्या. गाय व्याली की वार पडेपर्यंत वासराला तोंड लावू द्यायचं नाही. वार पडली नाही आणि धार काढली तर गाईला बाधतं, अशी समजूत. वार पडायला कधी सहा तास, कधी आठ, कधी त्याहून जास्त. तोवर वासरू लटपटत आईच्या कासेकडे जायचं आणि कुणीतरी पोरगं त्याला ओढून धरायचं. ते काम आमच्याकडे असायचं.

गंमत अशी, की कासेला वासरू ढुसण्या देऊ लागलं की गाईच्या अंगात जो पाझर सुटतो तो गर्भाशयही आवळतो, आणि वार पडायला मदतच होते. आणि वासराच्या बाजूने पाहिलं तर तेच काही तास सोन्याच्या मोलाचे. माणसाच्या बाळाला आईकडून रोगाशी लढणारी प्रतिपिंडं वारेतूनच मिळतात. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या वारेची घडण अशी, की प्रतिपिंडं पलीकडे जातच नाहीत. वासरू जन्मतं ते जवळजवळ रिकाम्या हाताने. सगळी भिस्त चिकावर. त्यातही त्याचं आतडं ही प्रतिपिंडं न पचवता, अख्खीच्या अख्खी रक्तात घेतं ते फक्त पहिल्या दिवसात. पहिल्या सहा तासांनंतर ही दारं झपाट्याने मिटू लागतात, चोवीस तासांत जवळपास बंद. नंतर कितीही चीक पाजा, पोट भरेल, रक्तात काही उतरणार नाही.

पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने १८९२ साली उंदरांची पिल्लं अदलाबदल करून दुसऱ्या आयांना पाजायला दिली आणि दुधातूनही प्रतिकारशक्ती जाते हे दाखवलं. गाईंच्या बाबतीत १९२२ साली अमेरिकेत प्रिन्स्टनला थिओबाल्ड स्मिथ आणि राल्फ लिटल यांनी काही वासरांना चीक दिला, काहींना मुद्दाम दिला नाही. चिकाविना राहिलेली बहुतेक मेली. ती गेली रक्तात जंतू पसरून. पण ज्यांना अर्धामुर्धा चीक मिळतो ती या पहिल्या फेऱ्यातून निसटतात आणि महिना-दीड महिन्याने खोकायला लागतात. म्हणूनच कुणाला दोन्हींचा संबंध लागत नाही. आईकडून उसनी मिळालेली प्रतिपिंडं ओसरत असतात, स्वतःची पुरेशी तयार व्हायची असतात, आणि नेमकं त्याच सुमाराला मालक दूध तोडतो. स्वतःची प्रतिपिंडं घडवायला प्रथिनं लागतात, जस्त लागतं, तांबं लागतं. पौषाच्या गारठ्यात अंग गरम ठेवण्यातच सगळं दूध जळून गेलं तर हे घडवायचं कशातून? गोठा कोंदट, मुताचा वास डोळ्यांना झोंबणारा असेल तर फुफ्फुसांची आणखी आबाळ, हे वेगळं सांगायला नको.

आता खरवसाकडे यावं लागेल, कारण चिकाचा विषय निघाला की शहरातले लोक खरवसाला आरोपी करतात. मला ते पटत नाही. खरवस थिजतो तो चिकातल्या याच प्रथिनांमुळे. वाफेवर ती गोठतात, म्हणून वडी पडते. आजीला बोटाने कळायचं: पहिल्या धारेचा चीक दगडासारखा होतो, त्यात दूध घालावं लागतं. दुसऱ्या दिवसाचा मऊसर. तिसऱ्या-चौथ्या दिवसाचा भांड्यात हलतच राहतो. प्रयोगशाळेत मोजतात तेच ती चुलीपाशी मोजत होती. वासराच्या वजनाचा दहावा हिस्सा चीक पहिल्या दिवशी त्याच्या पोटात गेला, त्यातलाही पहिला वाटा तास-दोन तासांत, तर उरलेल्याचा खुशाल खरवस करावा. दोष खरवसाचा नाही, क्रमाचा आहे.

आणि क्रम खरा बिघडला तो खरवसाने नाहीच. खिलारीच्या काळात गणित सरळ होतं: दोन सडं घराला, दोन वासराला. गाय दूध देणारी नव्हतीच मुळी, ती बैल देणारी. गोऱ्हा दणकट निघाला पाहिजे म्हणून त्याला हात आखडून पाजण्यात मालकाचंच नुकसान. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला बाएफ या संस्थेची स्थापना केली, संकरित गाई गावोगाव आल्या, डेअरीचे कॅन आले. माणदेशासारख्या कोरड्या मुलखात दुधाने कित्येक घरं उभी केली, माझ्या चुलत्यांचं घर त्यातलंच, तेव्हा त्या गाईंना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. पण हिशेब बदलला. लिटरावर पैसे मिळायला लागल्यावर वासराच्या पोटात जाणारं दूध नुकसानीच्या खात्यात जाऊ लागलं, आणि ते नर असेल तर बोलायलाच नको. भरपूर दूध देणाऱ्या गाईचा चीकही पातळ, म्हणजे वासराला उलट जास्त पाजायला हवा. पाजला जायचा कमी. त्या वर्षांत आमच्या गोठ्यात पेंढा भरलेलं वासराचं कातडं असायचं, गाईने पान्हा सोडावा म्हणून. गाय ते चाटायची.

आता तो गोठा माझ्या चुलतभावाची सून सांभाळते. वार पडायची वाट ती पाहत नाही. वासरू पुसून कोरडं केलं की पंधरा-वीस मिनिटांत कासेला, उठता येत नसेल तर बाटलीने. जास्तीचा पहिला चीक बाटल्यांत भरून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवते, एखादी गाय आटलेली व्याली तर उपयोगी पडतो. तो कोमट पाण्यातच सैल करायचा. कढत पाण्यात धरला तर बाटलीतच खरवस. गेल्या खेपेला गाय व्याल्याचं कळताच शेजारची म्हातारी डबा घेऊन हजर. सुनेने चहा पाजला आणि रिकाम्या डब्यानिशी परत पाठवलं, "उद्या या, आज्जी." दुसऱ्या दिवशी संध्याकाळचा चीक दिला. म्हातारीने सवयीप्रमाणे त्यात तांब्याभर दूध घातलं. वडी पडलीच नाही, आणि आमच्या सुनेने पाणी घालून चीक दिला अशी तक्रार तिने गावभर केली.