मंडप, मशीद, चर्च आणि कचेरी

लग्न नेमके कोणत्या क्षणी लागते, असे हुबळी-धारवाडात विचारले तर घरागणिक निराळे उत्तर मिळेल. मराठी घरात अंतरपाट दूर झाला की लग्न लागले म्हणतात. शास्त्रीबुवा मात्र सप्तपदीच्या सातव्या पावलाकडे बोट दाखवतील. शेजारच्या कन्नड घरात आपल्या अक्षतांना ‘अक्की-काळु’ म्हणतात. जुन्या वळणाच्या लिंगायत लग्नात होमच नाही. पाच कलशांच्या मांडणीपुढे जंगम विधी चालवतात. निकाहात मेहर ठरते आणि साक्षीदारांसमोर प्रस्ताव व स्वीकार उच्चारले जातात. बासेल मिशन १८३७ साली धारवाडात आणि १८३९ साली हुबळीत आले, तेव्हा या यादीत प्रॉटेस्टंट चर्चमधील शपथही आली. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने या विविधतेला हात लावला नाही. वधू किंवा वर यांपैकी एका पक्षाची रूढी पाळली की पुरे, एवढेच तो म्हणतो. आम्हांला हे शहाणपणाचे वाटते.

पण वधू एका रूढीतली, वर दुसरीतला, आणि दोन्ही घरांना ते अमान्य, असे झाले तर? बाराव्या शतकात कल्याणात हरळय्यांचा मुलगा आणि मधुवरसांची मुलगी यांच्या विवाहापायी दोन्ही पित्यांना देहदंड भोगावा लागला, असे शरणपरंपरा सांगते. हरळय्या चर्मकार होते आणि मधुवरस ब्राह्मण.

सरकारी कचेरीतला मार्ग उघडला तो १८७२ साली. धारवाड जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. ब्राह्मो समाजाच्या खटपटीतून झालेल्या त्या वर्षीच्या तिसऱ्या कायद्यान्वये चौदा दिवसांची नोटीस देऊन निबंधक व तीन साक्षीदारांसमोर लग्न करता येई. अट मात्र अशी, की आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, ज्यू, पारशी, बौद्ध, शीख वा जैन यांपैकी कोणीही नाही, असे दोघांनी लिहून द्यावे. म्हणजे देवावर श्रद्धा असलेल्या जोडप्याने एकतर धर्म सोडायचा, नाहीतर खोटे लिहायचे. संसाराचा आरंभच असा!

नागपुरात वकिली केलेल्या डॉ. हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नाने १९२३ साली ही अट हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांच्यापुरती सैल झाली. त्याची किंमत फारशी कोणी सांगत नाही. असे लग्न करणारा एकत्र कुटुंबातून विभक्त ठरे, त्याला दत्तक घेण्याचा हक्क राहत नसे, आणि त्याच्या बापाला दुसरा मुलगा नसेल तर हा मुलगा जिवंत असतानाच दुसरा दत्तक घेता येई. घरच्यांनी घटस्फोट घेऊन टाकावा, तशी कायद्याने करून दिलेली ही सोय होती.

१९५४च्या विशेष विवाह कायद्याने धर्माचे जाहीरनामे संपवले. विवाह अधिकारी व तीन साक्षीदारांसमोर, दोघांना कळणाऱ्या कोणत्याही भाषेत, परस्परांचा स्वीकार केला की लग्न पुरे होते. आमच्याकडे नवरा मराठीत आणि नवरी कन्नडमध्ये बोलली तरी चालते. कळले म्हणजे झाले. (संसारातही तसेच चालते.) कुटुंबापासून विभक्त ठरण्याचे कलम दोघे हिंदू असल्यास लागू नाही, ही दुरुस्ती व्हायला मात्र १९७६ साल उजाडले. नोटीस चौदा दिवसांवरून तीस दिवसांवर गेली, ती तशीच आहे. कचेरीत ठळक जागी लावलेला तो कागद घरून पळून आलेल्या जोडप्याला महिनाभर धास्तावून ठेवतो.

पुरोहित आणि कचेरी, दोन्ही टाळणारी तिसरी वाटही आहे. जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ साली पुरोहितावाचून लग्न लावले. कर्नाटकात कुवेंपूंनी ‘मंत्र मांगल्य’ दिले, आणि त्या पद्धतीने आजही साधी लग्ने होतात.

मंगल कार्यालयात लग्न लावून नंतर प्रमाणपत्र घेणारे पुष्कळ जण ‘आम्ही रजिस्टर लग्नही केले’ असे म्हणतात. ती केवळ आधी झालेल्या लग्नाची नोंद असते. विधी न करता हिंदू विवाह कायद्याखाली नुसते प्रमाणपत्र मिळवले तर ते लग्नच नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली स्पष्ट केले. १९५४च्या कायद्याखाली मात्र कचेरीतले ते दोन शब्द हाच विधी आहे.