हातून सुटलेली थाळी, तोंडून सुटलेला शब्द

हातून सुटलेला बाण आणि तोंडून सुटलेला शब्द परत घेता येत नाही, असं आपली जुनी माणसं सांगत आली. त्यात मी थाळीफेकीतली थाळीही धरतो. शाळेत मी ती एकदाच फेकली. ती पुढे जायची ते बाजूला गेली आणि ड्रिलच्या सरांनी मला कविता करायला मोकळं सोडलं. आज बोलायचं आहे ते मात्र या खेळातल्या एका जगज्जेत्याबद्दल.

रॉबर्ट हार्टिंगचा जन्म १९८४ सालचा, पूर्व जर्मनीतल्या कोटबुसचा. बर्लिनची भिंत पडली तेव्हा तो पाच वर्षांचा होता. त्या पूर्व जर्मनीत सरकारच खेळाडूंना उत्तेजकं देत असे. कोवळ्या मुलींना जीवनसत्त्वाच्या गोळ्या म्हणून दिलेल्या औषधांनी त्यांची शरीरं कायमची बिघडवली.

२००९ साली बर्लिनमध्ये जागतिक स्पर्धा भरली, तेव्हा या पीडितांच्या संघटनेनं निषेध म्हणून पुठ्ठ्याचे चष्मे वाटले. हार्टिंग बोलून गेला, माझी थाळी उसळून त्या चष्म्यांवर आदळावी, म्हणजे यांना खरंच काही दिसणार नाही! टीकेची झोड उठली. पण अंतिम फेरीत त्यानं शेवटच्या, सहाव्या फेकीला ६९.४३ मीटर गाठून सुवर्ण जिंकलं, अंगातला शर्ट फाडला आणि स्पर्धेच्या शुभंकर अस्वलाला खांद्यावर घेऊन मिरवला. प्रेक्षक बेभान झाले.

पुढे २०११ आणि २०१३ चं जगज्जेतेपदही त्याचंच. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यानं इराणच्या एहसान हदादीला हरवलं ते अवघ्या नऊ सेंटिमीटरनं. वीतभरही नाही! पुन्हा शर्ट फाटला. २०१२ ते २०१४, सलग तीन वर्षं तो जर्मनीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. फुटबॉलवेड्या देशात थाळीफेक्याला हा मान मिळाला!

पण मला तो आवडतो तो नंतरच्या गोष्टींसाठी. २०१४ साली जागतिक महासंघाच्या सर्वोत्तम खेळाडूच्या नामांकनात त्याचं नाव होतं. त्याच यादीत उत्तेजकांपायी दोनदा बंदी भोगलेला धावपटू जस्टिन गॅटलिन होता. हार्टिंगनं कळवलं, माझं नाव काढा. २०१६ साली उत्तेजक प्रकरणात अडकलेल्या रशियावर सरसकट बंदी घातली नाही, म्हणून ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांवर, आपल्याच देशाच्या थॉमस बाख यांच्यावर, त्यानं उघड टीका केली.

गुडघा दुखावला, पाठ धरली. रिओत तो पात्रता फेरीतच बाद झाला आणि सुवर्ण धाकट्या भावानं, क्रिस्टोफनं नेलं. २०१८ साली हार्टिंगनं बर्लिनच्या त्याच स्टेडियममध्ये निरोप घेतला.

चष्म्यांबद्दलचे ते शब्द काही पुसले गेले नाहीत, पीडितांच्या जखमाही भरल्या नाहीत. पण थाळीफेकीत अंतिम फेरीत आघाडीवर राहणाऱ्यांना सहा संधी मिळतात. पहिली फेक चुकली तरी माणसानं वर्तुळ सोडून जाऊ नये, एवढं मी या जर्मन गड्याकडून शिकलो.