पिवळी पूड

विशीत मी एका पशुखाद्याच्या दुकानात हिशेब लिहीत असे. कोंबड्यांच्या खाद्यात मिसळायची पिवळी पूड आम्ही उघड्या हातांनी मोजून देत असू आणि हात झटकून डबा खायला बसत असू. ती पूड टेट्रासायक्लिन गटातले प्रतिजैविक होती, हे मला फार उशिरा कळले. तिचा माग काढतच मी या विषयाकडे वळलो.

या गटातले पहिले औषध, ऑरिओमायसिन, १९४८ मध्ये अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेने जाहीर केले. तेथील संशोधनाचे प्रमुख होते आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच वर्षी ते वारले. हेच औषध खाद्यातून थोडे थोडे दिले की जनावरे लवकर वाढतात, असे तेथीलच थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड यांनी १९५० मध्ये सांगितले. रोगावरचे औषध असे खुराकात गेले.

त्याचा हिशेब मांडला बॉस्टनच्या स्टुअर्ट लेव्ही यांनी. खर्च केला होता पशुऔषध उत्पादकांच्याच संघटनेने. एका फार्मवरील कोंबड्यांना टेट्रासायक्लिन घातलेले खाद्य दिले. आठवडाभरातच त्यांच्या आतड्यांतले जवळजवळ सगळे जिवाणू त्या औषधाला जुमानेनासे झाले. लेव्हींनी फार्मवरची ११ माणसे आणि २४ शेजारीही तपासले होते. पाच-सहा महिन्यांत फार्मवासीयांच्या मलाच्या ३१.३ टक्के नमुन्यांत ८० टक्क्यांहून अधिक जिवाणू टेट्रासायक्लिनला दाद न देणारे निघाले. शेजाऱ्यांत असे नमुने ६.८ टक्केच होते. शिवाय या जिवाणूंत इतर औषधांनाही रोखणारी जनुके होती आणि ती एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकत होती.

निबंध १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पेनिसिलिन आणि टेट्रासायक्लिन यांच्या खाद्यातील वापरावर निर्बंध सुचवले. अमेरिकी संसदेने आणखी अभ्यास मागितला. माणसांना लागणारी प्रतिजैविके केवळ जनावरांच्या वाढीसाठी देणे तेथे थांबले ते २०१७ मध्ये. ब्रिटनमध्ये स्वान समितीने हाच इशारा १९६९ मध्येच दिला होता. आपल्याकडे कोलिस्टिन या अखेरच्या फळीतल्या औषधाचा पशुपालनातील वापर २०१९ मध्ये बंद झाला.

पुरावा नव्हता म्हणून इतका उशीर झाला, असे कोणी म्हणू नये. लेव्हींनी कोंबड्यांबरोबर त्यांना दाणा घालणारी माणसेही तपासली, म्हणून तो हाती आला. आमच्या दुकानातल्या पुड्या बांधणाऱ्या हातांची मात्र कोणी कधी तपासणी केली नाही.